अनोळखी व्यक्ती, ८३ किलो

५ मार्च

आज लिफ्टच्या छतातल्या झडपेत अडकलो. कमरेखालचा मी केबिनमध्ये, वरचा शाफ्टच्या अंधारात, बाटलीत बूच बसावं तसा. खालून दोघं माझे पाय ओढतायत, वरून मी शिव्या देतोय. साहेब आला, मान वर करून बघितलं आणि म्हणाला, "तुला काढायला आता दुसरा लिफ्टवाला बोलवू का?" सगळे खिदळले. त्यातला कोण सगळ्यात जास्त हसला ते मी लक्षात ठेवलंय.

मग साहेबानं ऑफिसात बोलावून सांगितलं. मेअखेर त्र्याऐंशी किलोवर यायचं, नाहीतर गोदामात बसून नटबोल्ट वेगळे करायचे. आज सत्त्याण्णव आहे. कंपनीच्या डॉक्टरनं मोबाईलवर एक ॲप घालून दिलं आणि सोबत वजनकाटा. ॲपमध्ये एक आहारतज्ज्ञ बाई आहे, तिला सगळे ताई म्हणतात. तिचा पहिलाच निरोप असा: "मनात येईल ते वहीत लिहा, कुणाला दाखवू नका. भूक कुठे संपते आणि राग कुठे सुरू होतो ते कळेल." म्हणून हा उद्योग. खरं म्हणजे मला राग येत नाही, लोक आणतात.

काटा मात्र झकास. त्यावर पाय ठेवला की आकडा माझ्या मोबाईलवर येतो, मी कुठेही असलो तरी. नोंदवलेल्या माणसाच्या शेवटच्या वजनाच्या दोनेक किलो आसपास असेल तर नाव लिहितो, नाहीतर लिहितो 'अनोळखी व्यक्ती' आणि विचारतो, "ही व्यक्ती तुमच्या घरातली आहे का?" नवीन माणूस घालायचा तर साथीदाराचा होकार लागतो. साथीदार म्हणजे बायको, ती नेमल्याशिवाय ॲप पुढेच जात नाही. पोरीला काट्यावर उभं केलं, सतरा किलो. हिच्या मोबाईलवर तोच प्रश्न गेला. ही हसून म्हणाली, "आहे बाई, आमच्याच घरातली आहे," आणि 'हो' दाबलं. ही स्वतः बावन्न.

मला खरं तर काट्याची गरज नाही. माणूस केबिनमध्ये शिरला की दोर किती ताणतो ते बघूनबघून डोळाच तसा झालाय. बावन्न मी आधीच सांगितलं होतं.

७ मार्च

सकाळी एक अंडं, दुपारी काकडी, संध्याकाळी सूप. सूप म्हणजे भाजी धुतलेलं पाणी. पोटात कावळे कसले, गिधाडं ओरडतायत.

ॲप रोज विचारतं, "आज काय खाल्लं?" आणि मग, "किती? वाटी, चमचा, तुकडा, मूठ." घरात स्वयंपाक एकच, म्हणून साथीदारानंही आपलं खाणं लिहायचं असतं. हिला बजावलंय, खरं तेच लिही. तू खोटं लिहिणार, आकडे चुकणार आणि गोदामात मी जाणार.

सूप खारट होतं. मी वाटी सरकवली, ती जरा जोरात सरकली. भिंतीवर फुटली आणि एक तुकडा उडून हिच्या भुवईला लागला. भुवईचं रक्त फार वाहतं, जखम असते एवढीशी. पोरगी भोकाड पसरणार तेवढ्यात ही म्हणाली, "काही नाही गं, बाबांच्या हातून वाटी निसटली." समजूतदार आहे ही, ते मी कुणापुढेही कबूल करीन. तिनं आधी भिंत पुसली, मग कपाळ.

१४ मार्च

दीड किलो उतरलं. ॲपनं टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाला, "कुठे रे? दिसत तर नाही."

ते डोक्यात घेऊन घरी आलो तर ही ओट्याशी पाठमोरी उभी राहून लोणी लावलेला पाव खातेय. वर साखर. मी दिवसभर काकडी चावतोय आणि माझ्या घरात, माझ्या पाठीमागे लोणी! मी फक्त विचारलं, "चव कशी आहे?" तर म्हणते, "सकाळपासून काही खाल्लं नव्हतं हो." म्हणजे मीच तिला उपाशी ठेवतो असं म्हणायचं होतं तिला.

हात सुटला. एकदा सुटला की तो माझा राहत नाही. पहिला कानाखाली, दुसऱ्याला ओठ फाटला, मग ती खाली बसली आणि केस माझ्या मुठीत आले. अंगठी काढून ठेवायला हवी होती, तेवढं माझं चुकलं. पाव जमिनीवर पालथा पडला होता तो मी पायानं चिरडला, कारण लोण्याचा वास सहन होईना. पोरगी टेबलाखाली गेली. हल्ली न सांगता जाते आणि अगदी शहाण्यासारखी बसते.

आईला फोन केला, उगाच. ती म्हणाली, "पोटात काही नसलं की पुरुषाचं डोकं फिरतंच. तिला म्हणावं जरा सांभाळून घे." बरं वाटलं. कुणीतरी समजून घेणारं आहे.

२० मार्च

आज ॲपचा आठवड्याचा अहवाल आला. माझं सगळं हिरवं. खाली साथीदाराच्या रकान्यात लाल अक्षरांत: "तुमच्या साथीदाराने 'मार' हा पदार्थ तीन वेळा नोंदवला आहे. प्रमाण: मूठ. हा पदार्थ आमच्या यादीत नाही. उष्मांक माहीत नाहीत. आमच्या तज्ज्ञ लवकरच संपर्क साधतील."

आधी कळलंच नाही. मग कळलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

हिला समोर उभं केलं. "हे काय लिहिलंस?"

खाली बघत म्हणाली, "त्यानं विचारलं काय खाल्लं. तुम्हीच म्हणालात, खरं तेच लिही."

"आणि मूठ?"

"वाटी, चमचा, तुकडा यातलं काही बसत नव्हतं."

म्हणजे जिभेला हाड नाही. कंपनीच्या ॲपमध्ये! उद्या साहेब वाचेल, गोदामातले वाचतील. हिचा मोबाईल तिच्याच बोटांत धरून दारात चेंगरला, मोबाईल नीट आहे, काचेला जरा तडा गेलाय. बोटं काळीनिळी झालीत पण हलतात, मी बघितली. मग बोळात ढकलली ती खुंटीवर जाऊन आपटली. शेवटी मीच म्हणालो, "यादीत नाही ते खात जाऊ नकोस." हे मला तेव्हा फार विनोदी वाटलं होतं. ती हसली नाही. विनोद कळायला डोकं लागतं.

२३ मार्च

ताईंचा निरोप: "घरच्या आहाराबद्दल तुमच्या साथीदाराशी थेट बोलले तर चालेल का?" मी लगेच होकार दिला. जरूर बोला, म्हटलं, तेल-तूप कमी करायला सांगा, माझं कुणी ऐकत नाही. ताईंनी 'मार' बद्दल चकार शब्द काढला नाही. शहाण्या बाईला थट्टा कळते.

आता रोज दुपारी हिचं नि ताईंचं बोलणं होतं. बरंच लांब चालतं म्हणे.

३१ मार्च

घरात शांतता. सूपला मीठ बरोबर. ही रोज संध्याकाळी पोरीला घेऊन बस स्टँडपर्यंत चालून येते. "ताईंनी सांगितलंय," म्हणते. येताना गुणगुणत असते. सगळं घर सुधारलं. सुरुवात मी केली याची नोंद कुठे तरी असावी म्हणून इथे करतो. त्र्याण्णव.

एकच कटकट. काट्यावरून मधेच भलते आकडे येतात. मंगळवारी 'अनोळखी व्यक्ती: ६.२'. गुरुवारी ९. काल साडेअकरा. दर वेळी "ही व्यक्ती तुमच्या घरातली आहे का?" आणि मी शाफ्टमध्ये लोंबकळत 'नाही' दाबतोय. साडेअकरा किलोचा माणूस असतो का? काटा बिघडला म्हणून कामावरची लोखंडी वजनं घरी आणली आणि ठेवून बघितली. काटा तंतोतंत बरोबर.

हिला विचारलं. म्हणाली, "पोरगी खेळते हो. पाण्याची बादली ठेवते त्याच्यावर."

६ एप्रिल

आज आकडा आला, १४. कामावर सगळ्यांसमोर मोबाईल पिंगपिंग करतो आणि साहेब म्हणतो, "बायको आली का लाडात?" घरी आलो, पोरीला हाक मारली. बादली परत काट्यावर ठेवलीस का, विचारलं. ती म्हणाली, "मी नाही ठेवली." खोटं. तोंडावर खोटं बोलली. आत्ताच वळण लावलं नाही तर पुढे जड जातं, म्हणून एक दिली. आजवर पोरीला कधी हात लावला नव्हता. माझा हात मोठा आहे आणि ती एवढीशी, ती सरळ दाराच्या चौकटीवर गेली. नाकातून रक्त आलं. तिथंच उभी राहून दोन्ही हातांनी नाक धरलं तिनं आणि आवाज न करता माझ्याकडे बघत राहिली.

ही धावत आली. मला वाटलं आता आरडाओरडा. पण नाही. पोरीसमोर बसली, तिचं नाक पुसलं आणि म्हणाली, "माझं चुकलं, बाळा. तू काही ठेवलं नव्हतंस." मुलांसमोर बापाचा शब्द असा खाली पाडू नये, पण मी दमलो होतो, सोडून दिलं. रात्री जेवताना ही माझ्याकडे अशी बघत होती, जसं मी बघतो माणसाकडे. तोलून.

१२ एप्रिल, हॉस्पिटल

जबडा दोन ठिकाणी मोडलाय, तारेनं बांधलाय. बोलता येत नाही, खाता येत नाही. हात शाबूत आहे म्हणून लिहितोय. दाराशी एक पोलीस बसतो आणि आम्ही आळीपाळीनं जांभया देतो, एकदा तो, एकदा मी, फक्त मला तोंड उघडता येत नाही.

सोमवारी मी घरापासून चार गल्ल्यांवर एका इमारतीत लिफ्टखालच्या खड्ड्यात काम करत होतो. दुपारी मोबाईल वाजला. "अनोळखी व्यक्ती: ८३.० किलो. ही व्यक्ती तुमच्या घरातली आहे का?"

त्र्याऐंशी. ही काही बादली नव्हे. त्र्याऐंशी म्हणजे धडधाकट पुरुष. माझ्या घरात, चपला काढून, माझ्या काट्यावर, मला जे जमेना तेच वजन घेऊन उभा! एका क्षणात सगळं उलगडलं. ते संध्याकाळचं फिरणं, ते गुणगुणणं, ते तोलून बघणं. मोठा पाना घेतला आणि निघालो.

आमची लिफ्ट चौथ्या मजल्यावर, दार उघडं धरून ठेवलेलं. थांबायला वेळ कुठे? जिन्यानं धावलो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पाण्याचे जार पोचवणारा वरून उतरत होता, खांद्यावर भरलेला जार. मी नजरेनं तोलला. त्र्याऐंशी. माझा डोळा चुकत नाही.

पहिला घाव कोपरावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला ओळखीचा आहे, मदतनिसाचा हात एकदा कप्पीत गेला होता तेव्हा ऐकला होता. जार पायरीवर आपटून फुटला. मी विचारलं, "वर काय करत होतास?" तो ओरडला, "पाणी! पाणी!" मी म्हटलं पाणी मागतोस काय, आणि बरगड्यांवर घातला. तो भिंतीला धरून खाली सरकला, मी लाथांवर आलो. तोंडावर, पोटात, मोडक्या हातावर. "तिच्याकडे किती दिवस येतोस?" तर म्हणतो, "रोज येतो, साहेब, सगळ्यांकडेच येतो." मग मला काही दिसेना. पाना डोक्याच्या वर नेला एवढं आठवतं. पायाखाली सगळं पाणी झालं होतं. घसरलो आणि अर्धा जिना पाठीवर खाली. पाना सुटला. तो खुरडत आला, डाव्या हातानं पाना उचलला आणि एकच दिला. एकच, पण मनापासून.

पडल्यापडल्या मला लिफ्टच्या दारातली काचेची पट्टी दिसत होती. लिफ्ट खाली चालली होती. काचेतून पोरीचे लाल बूट गेले. जमिनीला टेकलेले नव्हते, हवेत लोंबकळत गेले. मागोमाग काहीतरी निळं. जबड्याला मार बसला की असे भास होतात, असं नर्स म्हणाली. मी तिला खुणेनं विचारलं होतं.

ही अजून भेटायला आलेली नाही.

२९ एप्रिल

अजून नळीनं पातळ. ॲप विचारतं, "आज काय खाल्लं?" ताईंचे निरोप बंद झालेत.

जारवाल्याचं वजन इथंच केलं, त्रेसष्ट. मी त्याला खांद्यावरच्या जारसकट तोललं होतं. वीस किलोचा जार, ते ध्यानात आलं नाही, घाईत होतं असं. त्याच्याबद्दल वाईट वाटण्यापेक्षा मला दुसरंच छळतंय. म्हणजे खरा त्र्याऐंशीवाला अजून मोकळाच आहे. ही त्याच्याबरोबर गेली आणि माझी पोरगी घेऊन गेली.

आज पोलीसबाई आल्या होत्या. हिनं तक्रार दिलीय. ॲपमधल्या नोंदी, भुवईचा फोटो, बोटांचा फोटो, सगळं ताईंकडे रोजच्या रोज जात होतं म्हणे. आहाराच्या नावाखाली! मी कागदावर लिहून दाखवलं, आधी त्या त्र्याऐंशी किलोच्या माणसाला शोधा.

बाईंनी ते दोनदा वाचलं. माझ्या मोबाईलवरचे जुने आकडे बघितले, सहा, नऊ, साडेअकरा, चौदा. मग म्हणाल्या, "अहो, ही बॅग आहे. भरत होती ती. बायको बावन्न, मुलगी सतरा, बॅग चौदा. करा बेरीज."

मी लिहिलं, काट्यावर कशाला उभी राहील?

"पोरगी कडेवर, बॅग खांद्यावर. एवढं घेऊन उभं तरी राहता येतंय का ते बघितलं असेल."

पोलिसांना वजनातलं काय कळतं? हिला मी ओळखतो. सूपचं पातेलं उतरवताना हिचे हात थरथरायचे. एवढं ओझं हिला पेलणं शक्यच नाही.

३० मे

काल तार काढली, जामीन मिळाला, घरी आलो. आई सोडायला आली होती. इमारतीच्या दारातूनच परत गेली, म्हणाली तिला जिना चढवत नाही. आम्हाला लिफ्ट आहे.

जिन्याच्या वळणावर भिंतीला अजून डाग आहे. घरात सगळं जागच्या जागी. माझे कपडे, माझा चहाचा कप, ओट्यावर मिठाची बरणी. कपाटावरची निळी बॅग नाही. पोरीचे कपडे नाहीत, वह्या नाहीत, हिचे कागद नाहीत. एवढं सगळं त्या बॅगेत घातलं तर भरेल चौदाएक किलो, जास्त नाही. टेबलाखाली पोरीची एक उशी आणि बिस्किटाचा पुडा सापडला. तिथं तिनं घरच मांडलं होतं, मला माहीत नव्हतं.

आज मेअखेर. गोदाम की शाफ्ट ते उद्या ठरणार. म्हणून सकाळी काट्यावर उभा राहिलो. मोबाईल वाजला.

"अनोळखी व्यक्ती: ८३.० किलो."

हात आधी पाना शोधायला गेला, हे खरं ते लिहितो. मान मागे वळली, न्हाणीघराचं दार बघितलं, पलंगाखाली बघितलं. मग लक्षात आलं की काट्यावर मीच होतो. त्र्याण्णवच्या आसपास ओळखायचा तो मला, आता ओळखत नाही. हसायला गेलो तर जबड्यातून कळ आली. जमलं की! त्र्याऐंशी! इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगावंसं वाटलं आणि घरात कुणी नव्हतं.

"ही व्यक्ती तुमच्या घरातली आहे का?"

मी 'हो' दाबलं. ॲप म्हणालं, "साथीदाराला विचारत आहोत."

म्हणजे तिनं ते अजून काढून टाकलेलं नाही. म्हणजे मोबाईल जवळ आहे, तो तडा गेलेला. कुठे तरी आत्ता तिच्या हातात तो प्रश्न असेल, आणि शेजारी पोरगी. मी काट्यावरून न उतरता उभा राहिलो, कारण उतरलो तर प्रश्न पुसला जाईल असं वाटलं. मनात म्हटलं, होकार आला तर जारवाल्याच्या घरी जाऊन त्याचे पाय धरीन. मीठ नसलेलं सूप जन्मभर पिईन. अंगठी विहिरीत टाकीन. काय काय म्हटलं, सगळं आठवत नाही.

पिंग झालं.

"साथीदाराचे उत्तर: नाही."

लगेच आलं. विचार करायलासुद्धा वेळ घेतला नाही तिनं.